उंबरठा नसलेला अतिथी

बंगळूर शहराच्या नावाविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. शिकारीच्या नादात सोबत्यांपासून चुकलेला होयसळ राजा वीर बल्लाळ रानावनात भटकत एका झोपडीपाशी आला. झोपडीत एक एकाकी म्हातारी होती. तिने दाराशी आलेल्या त्या भुकेल्या परक्याला उकडलेले दाणे खाऊ घातले, आणि त्या उपकाराची खूण म्हणून त्या ठिकाणाला ‘बेंदकाळूरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव पडले. इतिहासाला ही कथा मान्य नाही. शहराच्या दक्षिणेस बेगूर येथे असलेल्या, इ.स. 890 च्या सुमाराच्या एका शिलालेखात हे नाव वीर बल्लाळाच्या कितीतरी पिढ्या आधी येऊन गेले आहे. तरीही लोकस्मृतीने ही कथा टाकून दिली नाही. आपल्या गावाचा आरंभ एखाद्या विजयापासून किंवा नवसापासून न होता परक्याला घातलेल्या घासापासून व्हावा, असे ज्या समाजाला वाटले, त्याच्या मनात आतिथ्याचे स्थान किती खोल होते हे त्यावरून कळते. कथेतील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्यात यजमान निर्धन आहे आणि अतिथी राजा आहे. आणि म्हातारीला तो राजा असल्याचे ठाऊक नाही.

केंपेगौडाने 1537 मध्ये वसविलेल्या नगराच्या दक्षिण सीमेची खूण म्हणून दाखविला जाणारा मनोरा आजही लालबागेतील खडकावर उभा आहे. त्या मनोऱ्याच्या दक्षिणेस, म्हणजे जुन्या गावकुसाबाहेर, जयनगर पसरले आहे. 1948 मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचा आरंभ झाला. आखीव रस्ते, क्रमांक दिलेले ब्लॉक, उद्याने, बाजारासाठी राखलेली जागा, शाळा, रुग्णालय, मंदिरे आणि चर्च अशी सर्व योजना नकाशावर आधी झाली आणि मग माणसे राहावयास आली. नव्या स्वतंत्र देशातील सुस्थित नागरी जीवनाचे हे एक चित्रच होते. त्या नकाशात प्रत्येक गोष्टीला जागा होती. नव्हती ती केवळ अशा माणसाला, ज्याला घर नाही. तो मात्र आलाच. चौथ्या ब्लॉकातील बाजारपेठेच्या पायऱ्यांवर, बसथांब्याच्या आडोशाला, देवळाच्या आणि चर्चच्या फाटकाबाहेर तो रात्री अंग टाकतो आणि दुकाने उघडण्यापूर्वी आपले गाठोडे उचलतो. सीमेच्या मनोऱ्याबाहेर वसलेल्या वस्तीत आता तो सीमेबाहेरचा माणूस ठरला आहे.

या माणसाशी घरात राहणाऱ्या माणसाचे नाते काय असावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः तो आधी नीतीचा आहे. त्याला अन्न द्यावे, पांघरूण द्यावे, आजारात औषध द्यावे, याविषयी फारसा मतभेद नाही. भारतातील कोणतीही धर्मपरंपरा या दानाचा निषेध करीत नाही. परंतु दान आणि आतिथ्य एक नव्हे, आणि आतिथ्य व मैत्री हीही एक नव्हेत. दान फाटकातून हात बाहेर काढून करता येते. आतिथ्यासाठी फाटक उघडावे लागते. मैत्रीसाठी कधी फाटकाबाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसावे लागते. ख्रिस्ती धर्मविचाराने या तिन्ही पायऱ्यांचा निर्देश केला आहे. आणि ख्रिस्ती समाजाने, इतर समाजांप्रमाणेच, बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर थांबणे पसंत केले आहे.

शब्दांकडे पाहिले तर हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती आहे. बोलावून आलेला आप्त हा त्या अर्थाने अतिथीच नव्हे. ‘यजमान’ हा शब्द यज्ञातून आला आहे; जो स्वतःच्या खर्चाने यज्ञ करवितो तो यजमान. म्हणजे आतिथ्यात काहीतरी खर्ची पडणार, हे भाषेने आधीच मान्य केले आहे. बायबलच्या नव्या करारातील ग्रीक भाषेत आतिथ्याला ‘फिलॉक्सेनिया’ असा शब्द आहे; त्याचा अर्थ परक्यावरील प्रेम. लॅटिनमध्ये तर ‘हॉस्पेस’ हा एकच शब्द यजमान आणि पाहुणा या दोघांनाही लागतो. दोन भूमिकांना एकच नाव असणे हा भाषेचा अपघात मानता येईल. पण ख्रिस्ती आतिथ्यविचाराचे मर्म नेमके याच अदलाबदलीत आहे.

शुभवर्तमानांतील येशू जवळजवळ सर्वत्र पाहुणा म्हणूनच वावरतो. त्याला स्वतःचे घर नाही. डोके टेकण्यास जागा नाही असे तो स्वतःविषयी सांगतो. तो कर वसूल करणाऱ्याच्या घरी आपण होऊन जेवावयास जातो. मेजवानी दिल्यास परतफेड करू शकणाऱ्या श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नये, ज्यांना परतफेड शक्य नाही अशा दरिद्र्यांना, पंगूंना व अंधांना बोलवावे, अशी शिकवण लूकच्या शुभवर्तमानात आहे. आणि त्याच शुभवर्तमानाच्या अखेरीस अम्माऊस गावची कथा येते. दोन वाटसरू वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला रात्रीपुरते थांबण्याचा आग्रह करतात. आणि जेवावयास बसल्यावर तो अनोळखी पाहुणाच भाकर हाती घेऊन मोडतो व त्यांना वाटतो. पाहुणा यजमान होतो, आणि त्या क्षणी त्याची ओळख पटते.

मत्तयच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दिवसाचे वर्णन अधिक प्रसिद्ध आहे. भुकेल्याला, परक्याला, उघड्याला जे केले ते ख्रिस्तालाच केले, असा त्याचा आशय. रस्त्यावरील माणसाची सेवा करणाऱ्या असंख्य ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना या वचनाने बळ दिले आहे. तथापि त्यात एक सूक्ष्म धोकाही आहे. समोरच्या माणसात ख्रिस्त पाहावयाचा, असे म्हणता म्हणता समोरचा माणूसच दिसेनासा होण्याचा तो धोका होय. अतिथीला देव मानणाऱ्या उपनिषदीय शिकवणुकीतही तो आहेच. देवाला नाव विचारावे लागत नाही, त्याच्या व्यसनाचा वा चिडखोरपणाचा विचार करावा लागत नाही, आणि त्याच्याशी भांडताही येत नाही. पायऱ्यांवर निजणाऱ्या माणसाला देवपण नको असते; आपल्याला कोणी नावाने हाक मारावी, एवढे त्याला पुरते. मत्तयाच्या वर्णनात सत्कृत्य करणाऱ्यांनाही आपण कोणाची सेवा केली हे ठाऊक नव्हते, हे येथे विसरता कामा नये. त्यांनी माणूसच पाहिला होता, आणि त्यांचे पुण्य त्या न जाणण्यातच होते. दाणे उकडणाऱ्या म्हातारीचेही तसेच होते.

आतिथ्य घरातून संस्थेकडे कसे सरकते, हे ख्रिस्ती इतिहासात लवकरच दिसू लागले. चौथ्या शतकात कैसरियाच्या बेसिलने दरिद्री, रोगी आणि वाटसरू यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. ‘हॉस्पिटल’ हा आजचा शब्द आतिथ्याच्याच मुळापासून आला आहे. ही थोर परंपरा होती. परंतु त्याच काळाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलचा धर्माचार्य क्रिसोस्तम आपल्या श्रोत्यांना बजावीत होता की चर्चचे अतिथिगृह आहे म्हणून स्वतःच्या घराचे दार बंद करू नका. घरातील एक खोली परक्यासाठी, म्हणजे ख्रिस्तासाठी, राखून ठेवा. दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेने आपली प्रार्थना होत नाही, तसेच हेही, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता.

या इशाऱ्याचा अर्थ बंगळुरात फार ठोसपणे समजू शकतो. कर्नाटकात 1975 मध्ये भिक्षाप्रतिबंधक कायदा झाला. त्याअन्वये शहरातील घरमालकांकडून मालमत्ता कराबरोबर तीन टक्के उपकर घेतला जात आला आहे. त्यातून भिक्षेकऱ्यांना ठेवण्याची केंद्रे चालावीत अशी योजना आहे. म्हणजे जयनगरातील प्रत्येक घराने रस्त्यावरील माणसाविषयीचे आपले कर्तव्य पावतीनिशी पार पाडलेले असते. पैसे दिले जातात, आणि त्या पैशाने तो माणूस पायऱ्यांवरून हलविला जातो. आतिथ्यासाठी भरलेली रक्कम अतिथीला दृष्टीआड करण्यासाठी खर्च व्हावी, यातील उपरोध कडवट आहे. 2010 च्या ऑगस्ट महिन्यात मागडी रस्त्यावरील अशा केंद्रात थोड्या दिवसांत अनेक निराश्रितांचे मृत्यू झाले, तेव्हा शहर हादरले. त्या माणसांना छप्पर होते, भिंती होत्या, शिधा होता. त्यांची वास्तपुस्त करणारे मात्र भिंतीबाहेर कोणी नव्हते.

याचा अर्थ संस्था आणि कायदे नकोत, असा मुळीच नाही. 2011 च्या जनगणनेने देशात सतरा लाखांहून अधिक माणसे बेघर असल्याची नोंद केली. एवढ्यांना खासगी उंबरठे पुरणार नाहीत. शहरांत दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास खुला असणारा एक निवारा असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिला. भीक मागणे हा गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्या शहरापुरत्या रद्द केल्या. 1795 मध्ये चिरंतन शांततेवरील निबंधात कांटने आतिथ्य हा परोपकाराचा विषय नसून हक्काचा विषय आहे असे मांडले होते. तो परदेशी प्रवाशाविषयी बोलत होता. परंतु स्वतःच्याच शहरात परका ठरलेल्या माणसालाही ते लागू पडते. हक्क मैत्रीची जागा घेऊ शकत नाही, आणि मैत्रीच्या नावाखाली हक्क नाकारता येत नाही. निवाऱ्याचा हक्क माणसाला थंडीपासून वाचवितो. तो मेला तर त्याची उणीव कोणाला भासावी, हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही.

येथे मैत्रीच्या शक्यतेचा प्रश्न उभा राहतो. मैत्री समानांत होते, असे ॲरिस्टॉटलने मानले; अंतर फार वाढले की ती टिकत नाही. मग ज्याच्यापाशी किल्ली आहे आणि ज्याच्यापाशी दारच नाही, अशा दोघांत मैत्री कशी व्हावी? यावर ख्रिस्ती विचारवंतांचे उत्तर असे की मैत्रीपूर्वी समानता नसेल, तर मैत्रीने ती घडवावी. योहानाच्या शुभवर्तमानात गुरू आपल्या शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो, त्याचा आधार या उत्तराला आहे. मात्र समानता घोषणेने घडत नाही. ती कोणत्यातरी ठोस जागी घडावी लागते. भारतात ती जागा म्हणजे पंगत. अन्नदानाची परंपरा येथे प्राचीन आहे, आणि दुरून वाढण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. ख्रिस्ती समाजही या दोषातून सुटला नाही. तमिळनाडूत वडक्कनकुळम येथील चर्चमध्ये जातींना वेगळे बसविण्यासाठी भिंत घालण्यात आली होती. एकाच वेदीपुढे बसूनही एका पंगतीत न बसण्याची युक्ती माणसाने शोधून काढली.

पंगतीचा हा प्रश्न मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’इतका जिवंतपणे क्वचितच आला असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हाती आलेले देऊन टाकावे, गरजवंत दिसला की त्याला घरी आणावे, हा त्यांचा स्वभाव धर्मांतराच्या आधीपासूनचा होता. पुढे त्याला धर्माज्ञेचे रूप आले. पण आणलेल्या माणसाच्या पानात वाढावे लागे लक्ष्मीबाईंना, आणि डब्यात पीठ नाही हेही त्यांनाच ठाऊक असे. पतीच्या औदार्याचे मोल त्या भरीत होत्या. आतिथ्याचा विचार करणाऱ्या बहुतेक तत्त्वज्ञांनी उंबरठ्यावर उभ्या यजमानाकडे पाहिले. चुलीपाशी बसलेल्या यजमानिणीकडे त्यांचे लक्ष गेले नाही. लक्ष्मीबाईंच्या लेखनाने ही उणीव भरून काढली आहे. पतीकडे परतल्यावरही काही काळ त्या आपले सोवळे, आपले पाणी आणि आपला स्वयंपाक वेगळा सांभाळीत होत्या. जातिभेद माणसाने केला, असे त्यांच्या मनाने घेतले तेव्हा त्यांनी ते बंधन सोडले. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. अन्न देणे त्यांना पूर्वीही जमत होते. अन्न घेणे जमले तेव्हा परका परका राहिला नाही. आपल्या आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते.

यजमानाच्या हेतूचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि महाराष्ट्राने तो पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने अनुभवला. मुंबईत 1889 मध्ये सुरू होऊन पुढे पुण्यास आलेल्या शारदासदनात मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून वादळ उठले आणि 1893 मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दोन्ही बाजूंना सत्याचा अंश होता. आसरा घेणाऱ्या मुलीचे मन आसरा देणाऱ्याच्या श्रद्धेकडे झुकणे स्वाभाविक असते; म्हणूनच तिच्या स्वातंत्र्याची काळजी अधिक घ्यावी लागते. उलट, यजमानाने स्वतःच्या घरात स्वतःची प्रार्थनाही लपवावी, ही अपेक्षा आतिथ्याला नाटक बनविते. ज्या घासाला अट जोडलेली असते तो घास पाहुणचाराचा राहत नाही, त्याला मजुरीचे रूप येते, एवढे तत्त्व दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखे आहे. परंतु या वादात एक गोष्ट झाकोळली जाते. 1870 च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावून रमाबाई भावासह उपाशीपोटी देशभर पायी भटकल्या होत्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली केडगावास आणल्या, तेव्हा त्या आपल्याच भूतकाळाला हात देत होत्या. रस्ता त्यांना आतून ठाऊक होता.

सत्तेचा धोका मात्र आतून ठाऊक असलेल्यालाही चुकत नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींबरोबर एका घरात राहण्याची जाँ व्हानिए यांची कल्पना 1970 मध्ये बंगळुरात ‘आशा निकेतन’च्या रूपाने रुजली. दुर्बलाची सेवा न करता त्याच्याशी मैत्री करावी, हा विचार जगभर पोहोचविण्यात व्हानिए यांचा वाटा मोठा होता. त्यांच्या मृत्यूनंतर, 2020 मध्ये, त्यांच्याच संघटनेने करविलेल्या चौकशीतून त्यांनी अनेक स्त्रियांचे शोषण केल्याचे उघड झाले. त्या स्त्रिया त्या घरांतील अपंग रहिवासी नव्हत्या, आणि या घरांत निष्ठेने राहणाऱ्यांचे जीवन त्यामुळे खोटे ठरत नाही. परंतु मैत्री हा शब्द उच्चारल्याने सत्ता नाहीशी होत नाही, हा धडा त्यातून घेतलाच पाहिजे. ज्याच्या हाती दार आहे त्याच्यावर बाहेरच्या कोणाची तरी नजर असणे, आणि पाहुण्याला ‘नाही’ म्हणून निघून जाण्याची मोकळीक असणे, या दोन गोष्टी आतिथ्याच्या शत्रू नाहीत. त्यांच्यावाचून आतिथ्य निर्मळ राहत नाही.

नावाची गोष्ट या संदर्भात पुन्हा आठवते. रोममध्ये 1968 साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या सांत एजिदियो या मंडळाने रस्त्यावरील माणसांशी मैत्री हेच आपले व्रत मानले. 1982 पासून ते नाताळच्या दिवशी चर्चच्या आतच टेबले मांडून त्यांच्याबरोबर जेवतात. 1983 च्या जानेवारीत रोमच्या मुख्य रेल्वेस्थानकावर मोदेस्ता व्हालेंती ही बेघर वृद्धा आजारी पडली. ती अस्वच्छ होती म्हणून रुग्णवाहिकेने तिला नेण्याचे नाकारले, आणि कित्येक तासांनी ती तेथेच मेली. तिच्या स्मरणार्थ दरवर्षी प्रार्थना होते आणि रस्त्यावर मेलेल्या इतरांची नावे एकेक करून उच्चारली जातात. नावे उच्चारल्याने कोणी परत येत नाही. पण बेवारस हा शब्द खोटा ठरतो. वारस याचा अर्थ मालमत्ता घेणारा एवढाच नाही. आठवण ठेवणारा हाही वारस असतो.

या साऱ्या विचाराला एक उलट बाजू आहे, आणि तीच बहुधा सर्वांत महत्त्वाची ठरेल. रस्त्यावरील माणूस केवळ घेणारा आहे, असे गृहीत धरणे ही दानाची सवय आहे. मराठी वाचकाला याचा प्रतिवाद दूर शोधावा लागत नाही. मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले एक अर्भक गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले, आपले नाव दिले. त्या मुलाला पुढे मराठी साहित्याने कवी नारायण सुर्वे म्हणून ओळखले. हे आतिथ्य चाळीतल्या खोलीने केले, हवेलीने नव्हे. गावोगाव धर्मशाळा बांधणारे गाडगेमहाराज स्वतः मात्र चिंध्या पांघरलेल्या वाटसरूसारखेच राहिले. ज्यांच्यापाशी थोडे असते त्यांना परक्याचे ओझे कमी वाटते, असा काही नियम सांगता येणार नाही. पण भिंत जितकी पातळ तितका पलीकडचा खोकला लवकर ऐकू येतो, एवढे खरे. पदपथावर राहणारी माणसेही एकमेकांची गाठोडी राखतात, आजाऱ्याला चहा आणून देतात, नवख्याला पाणी कोठे मिळेल ते सांगतात. त्यांच्यात आतिथ्य आहे. त्यांना उणीव आहे ती पाहुण्याची.

म्हणून घरात राहणाऱ्याने कधीतरी त्यांचा पाहुणा होणे, हा मैत्रीचा खरा आरंभ ठरतो. देऊ केलेल्या चहाचा अर्धा पेला नाकारणे सोपे असते. त्याच्यापाशी आहेच काय, असे सौजन्याने म्हणता येते. पण त्या नकाराने त्याच्याकडून देण्याचा अधिकारही काढून घेतला जातो, आणि ज्याला काहीच देता येत नाही तो मित्र होऊ शकत नाही. या मैत्रीला मर्यादा आहेत. ती प्रत्येकाचे व्यसन सोडवीत नाही, बिघडलेले मन ताळ्यावर आणीत नाही; त्यासाठी वैद्य लागतो, कायदा लागतो, आणि घरातल्या लेकराबाळांच्या सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो. सतरा लाखांचा मित्र कोणीच होऊ शकत नाही. परंतु जो एकाचा मित्र झाला त्याला उरलेल्यांकडे ‘समस्या’ म्हणून पाहणे पूर्वीइतके सोपे राहत नाही. कराची पावती हाती असतानाही त्याला पायऱ्यांवर कोणती जागा रिकामी झाली हे दिसते, आणि तो माणूस कोठे गेला हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आख्यायिकेतील राजा झोपडीतून निघून गेला. त्याने गावाला नाव दिले. म्हातारीचे नाव मात्र कथेने राखले नाही. तिच्या उकडलेल्या दाण्यांवरून ज्या शहराचे नाव पडले असे मानले जाते, त्या शहराने आता पायऱ्यांवर निजणाऱ्या एखाद्या म्हातारीला तिचे नाव विचारावे, इतके ऋण त्याच्यावर खासच उरले आहे.